हदाना : एका नोंदीवरचे भाष्य

पोथीवर भाष्य लिहिण्याची आपली रीत जुनी आहे. मूळ ओळ वर, तिची उकल खाली. तीच रीत मी इथे एका साध्या कागदाला लावतो आहे. नवजात अतिदक्षता विभागात बाळाच्या पेटीजवळ टांगलेला हा कागद कुवेतमधला मराठी बाप रात्री दोन वाजता वाचायचा प्रयत्न करतो. त्यातले आकडे नाशिकला किंवा साताऱ्याला फोनवर कळवतो आणि ‘म्हणजे काय रे?’ या प्रश्नापाशी गप्प होतो. पुढच्या ओळी कोणा एका बाळाच्या नाहीत. अशा नोंदी ज्या क्रमाने आणि ज्या तुटक भाषेत लिहिल्या जातात, ती धरून मी त्या भाष्यासाठी रचल्या आहेत. क्रम मात्र नीट पाहावा. फुप्फुसाला इजा झालेल्या बाळाला दोन-तीन उपचार मिळून दिले जातात तेव्हा त्यांची नुसती बेरीज होत नाही. एक उपचार दुसऱ्याला वाट करून देतो. वाट झालेली नसेल तर दुसरा दारातच अडतो.

४१ आठवडे. वजन ३.१ किलो. पाणी हिरवे, दाट. जन्मतः रडले नाही.

गावाकडे आजीचा पहिला प्रश्न ‘बाळ रडलं का?’ हाच असतो, आणि वैद्यकाच्या दृष्टीनेही पहिला प्रश्न तोच आहे. पोटात असताना फुप्फुसे पाण्याने भरलेली असतात. बाळाला ऑक्सिजन वारेतून नाळेवाटे मिळतो, म्हणून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. पहिल्या काही श्वासांत पाणी मागे हटते, हवा आत शिरते आणि त्या वाहिन्या सैल होतात. रडणे म्हणजे हे सगळे एकदम घडल्याची खूण.

पाणी हिरवे, म्हणजे बाळाने पोटातच शी केली. दिवस भरून गेलेल्या बाळांत हे पुष्कळदा होते आणि त्यातली बहुतेक बाळे ठणठणीत निघतात. पण पोटात गुदमरून बाळाने आचका दिला तर ती चिकट शी, म्हणजे मिकोनियम, श्वासनळीत ओढली जाते. पूर्वी न रडलेल्या अशा प्रत्येक बाळाच्या श्वासनळीत नळी घालून ती शोषून काढत. २०१५ पासून अमेरिकेच्या पुनरुज्जीवन मार्गदर्शिकेने ती सक्ती काढून टाकली, कारण शोषण्यात जाणारा वेळ श्वास देण्यातून वजा होत होता. या शास्त्रात एखादी गोष्ट सोडून द्यायलाही पुरावा लागतो. पुढच्या एका ओळीत हे पुन्हा येणार आहे.

हदानात ठेवले. श्वास मिनिटाला ८४. कण्हते आहे.

आपण म्हणतो, ‘बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय’. कुवेतची सिस्टर म्हणते, ‘हदाना’. या अरबी शब्दाच्या मुळाशी कूस आहे, मिठी आहे. बालवाडीलाही हाच शब्द आणि मुलाचा ताबा आईकडे देण्याच्या कायद्यालाही हाच. आपल्या ‘पेटी’पेक्षा हा शब्द मला कितीतरी जवळचा वाटतो.

कुवेत आणि हदाना हे दोन शब्द जगाने एकत्र ऐकले ते १९९० साली. १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसद-सदस्यांच्या एका मानवाधिकार गटापुढे नायिरा नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने रडत साक्ष दिली की इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या इन्क्युबेटरमधून बाळे काढून थंड फरशीवर टाकली. ही कथा युद्धाच्या बाजूने पुन्हा पुन्हा सांगितली गेली. १९९२ मध्ये उघड झाले की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी होती आणि साक्षीची तयारी एका जनसंपर्क कंपनीने करून घेतली होती. त्या वर्णनाला आधार मिळाला नाही. इराकचा कुवेतवरचा हल्ला खरा होता, माणसांचे हालही खरे होते. पण काळीज पिळवटणारी गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. नवजात बाळाच्या उपचारात ही परीक्षा रोजची असते, कारण पेटीतल्या बाळाकडे पाहताना ‘काहीतरी करा’ हे शब्द मनात आपोआप येतात.

आता आकडा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल तर धोका. हा आकडा गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी फार मोजता न येणाऱ्या माणसांच्याही हाती दिला. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ, दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, मणी संपूनही वाळू उरली तर बाळ आजारी. ८४ श्वासांना तिथल्या एखाद्या आरोग्यदूत बाईनेही ओळखले असते.

आणि कण्हणे. ऐकणाऱ्याला ते दुखण्याचे वाटते. खरे तर बाळ श्वास सोडताना गळा आवळून थोडी हवा आत अडवते, म्हणजे वायुकोश मिटत नाहीत. स्वतःचे फुप्फुस उघडे ठेवण्याची ती त्याची धडपड आहे. जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये हेच काम यंत्राकडे दिले. सतत थोडा दाब ठेवून त्यांनी २० बाळांना श्वास दिला, त्यातली १६ जगली. सीपॅप म्हणतात तो हाच. आपल्या बाळाला मात्र तेवढ्याने भागणार नाही.

एक्स-रे : दोन्ही बाजूंना ठिगळे. मधले काही भाग फुगलेले.

ओळ लहान, पण सगळी पंचाईत इथेच आहे. मिकोनियमने काही नळ्या पूर्ण बुजतात, त्यांच्या मागचा भाग मिटतो. काही नळ्या अर्ध्या बुजतात. तिथे हवा आत जाते पण बाहेर येत नाही, आणि तो भाग फुगतो. उरलेल्या जागी मिकोनियम दाह पेटवते. एकाच फुप्फुसात मिटलेले, फुगलेले आणि सुजलेले भाग शेजारी शेजारी. मिटलेल्या भागासाठी दाब वाढवावा तर फुगलेला फुटायची भीती. कोणताही एक उपचार तिन्ही भागांना पुरा पडत नाही. उपचार मिळून द्यायचे कारण हेच.

नळी घातली. ऑक्सिजन १०० टक्के. सरासरी दाब १४. धमनीतला ऑक्सिजन ५०. निर्देशांक २८.

बापाने फोनवर वाचून दाखवावा असा आकडा शेवटचा. सरासरी दाबाला ऑक्सिजनच्या टक्क्याने गुणायचे आणि धमनीत पोहोचलेल्या ऑक्सिजनच्या दाबाने भागायचे. १४ गुणिले १०० भागिले ५०, म्हणजे २८. किती रेटले आणि किती मिळाले याचा हा हिशेब. आकडा जितका मोठा तितके फुप्फुस वाईट. मोठ्या माणसांतला तीव्र श्वसनत्रास १९६७ मध्ये अ‍ॅशबॉ आणि पेटी यांनी १२ रुग्णांवरून वर्णिला. नवजातांसाठी त्याची वेगळी व्याख्या व्हायला २०१७ उजाडले. माँट्र गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या व्याख्येत निर्देशांक ४ पासून सौम्य, ८ पासून मध्यम आणि १६ पासून तीव्र आजार धरला आहे. आपले बाळ तीव्रच्या बरेच पुढे आहे.

त्याच १९६७ सालात स्टॅनफर्डच्या विल्यम नॉर्थवे यांनी ३२ बाळांचे निरीक्षण मांडले. व्हेंटिलेटर आणि जास्त ऑक्सिजन यांवर जगलेल्या बाळांच्या फुप्फुसांत नवाच आजार दिसत होता. ज्या दाबाने जीव वाचतो त्याच दाबाने फुप्फुस झिजते. म्हणून या ओळीतला १०० आणि १४ हे उपचारही आहेत आणि इजाही.

उजवा हात ९५. पाय ८४.

एकाच बाळाच्या अंगावर ऑक्सिजनचे दोन आकडे कसे? पोटात असताना फुप्फुसाला वळसा घालून रक्त नेणारी एक वाहिनी असते. जन्मानंतर ती मिटायची. फुप्फुसाच्या वाहिन्या आवळलेल्याच राहिल्या तर निळे रक्त तिच्यातून थेट खालच्या अंगाकडे जाते. उजव्या हाताला जाणारी फांदी त्याआधीच फुटते, म्हणून हात बरा आणि पाय वाईट. हवा आणि रक्त यांची भेटच होत नाही, हे या दोन आकड्यांत दिसते. आता दोन्हीकडून काम करायचे आहे. हवेच्या बाजूने वायुकोश उघडायचे, रक्ताच्या बाजूने वाहिन्या सैल करायच्या.

सरफॅक्टंट दिले.

वायुकोशाच्या आतून सरफॅक्टंटचा एक पातळ थर असतो. तो पाण्याचा ताण मोडतो, नाहीतर प्रत्येक श्वास सोडताना वायुकोश ओल्या पिशवीसारखा चिकटून बसेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा थर कमी असतो हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. जपानमध्ये फुजिवारा यांनी १९८० मध्ये १० बाळांना तो बाहेरून दिला. आपले बाळ तर पूर्ण दिवसांचे, त्याच्याकडे थर आहे. पण मिकोनियम तो निकामी करते. म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळांनाही तो द्यावा का, असा प्रश्न निघाला. १९९८ मध्ये ३२८ बाळांच्या चाचणीत लोट्झ आणि सहकाऱ्यांना दिसले की तो दिल्याने एक्मोची, म्हणजे रक्त अंगाबाहेर नेऊन ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राची, गरज कमी झाली.

इथे कुवेतमधल्या एका वेगळ्या प्रश्नावर थांबायला हवे. हे औषध जनावराच्या फुप्फुसातून येते. काही कुप्या गाईच्या, काही डुकराच्या. एका पेटीजवळ कुवेती आई, शेजारच्या पेटीजवळ मराठी आई, आणि दोघींना दोन वेगळ्या कुप्यांनी दचकावे अशी ही गोष्ट आहे. इस्लामिक ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल सायन्सेस या कुवेतमध्येच मुख्यालय असलेल्या संस्थेने १९९५ मध्ये वैद्य आणि धर्मशास्त्री यांना एकत्र बसवून औषधांतल्या निषिद्ध पदार्थांचा विचार केला होता. जीव वाचवण्याची गरज असेल आणि दुसरा पर्याय नसेल तर निषिद्धही चालते, हे ‘दरूरा’चे तत्त्व फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, फार जुने आहे. आपल्याकडेही आपद्धर्म हा शब्द आहे. डॉक्टराने मात्र विचारायचे टाळू नये. दोन मिनिटे बसून सांगावे. मी पाहिलेल्या आयांनी त्या दोन मिनिटांनंतर कधी नकार दिला नाही, पण न सांगता दिलेले औषध नंतर कळले तेव्हा त्यांचा विश्वास तुटलेलाही पाहिला आहे.

ऑसिलेटरवर घेतले. १० हर्ट्झ. सरासरी दाब १६.

१० हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ६०० स्पंदने. पेटीत पाहणाऱ्या बापाला बाळ थरथरताना दिसते आणि त्याला वाटते, थंडी वाजतेय. थंडी नव्हे. नेहमीचे यंत्र फुप्फुस भरते आणि रिकामे करते. प्रत्येक वेळी मिटलेला भाग उघडतो, परत मिटतो, आणि त्या उघडमिटीतच जखम होते. ऑसिलेटर फुप्फुस एका दाबावर उघडे धरून ठेवतो आणि वरून अगदी इवल्या लाटा सोडतो.

कल्पना इतकी सुंदर होती की ती जिंकणार असेच सगळ्यांना वाटले. १९८९ च्या मोठ्या चाचणीत, अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, फायदा दिसला नाहीच, उलट मेंदूतला रक्तस्राव वाढलेला दिसला. पुढच्या वर्षांत वापरण्याची पद्धत सुधारली, तरी एकट्या ऑसिलेटरने नेहमीच्या यंत्रावर निर्विवाद मात केली असे म्हणता येत नाही. मग इथे तो का? पुढच्या ओळीसाठी.

नायट्रिक २० पीपीएम सुरू.

या नोंदीचे हृदय हे आहे. नायट्रिक ऑक्साइड हा जाळातून निघणारा वायू. १९९१ मध्ये कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटल्या, शेवटची विझायला ६ नोव्हेंबर उजाडला. त्या काळ्या आकाशात हा वायूही मिसळलेला असणार, कारण मोठ्या उष्णतेत हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन तो बनतो. ऑक्सिजनशी त्याची पुढे गाठ पडली की विषारी तपकिरी वायू होतो, म्हणून यंत्रावर त्याचे मोजमाप सतत चालू ठेवतात. आणि हाच वायू आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर क्षणोक्षणी तयार करत असते, वाहिनी सैल करण्यासाठी. ही गोष्ट उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. तेलविहिरी विझल्यानंतरच्या वर्षी, १९९२ मध्ये, नवजातांना तो हुंगवल्याचे पहिले वृत्तांत लॅन्सेटमध्ये आले.

याआधी टोलाझोलिनसारखी औषधे शिरेतून देत. ती फुप्फुसाच्या वाहिन्यांबरोबर साऱ्या अंगाच्या वाहिन्या सैल करत आणि बाळाचा रक्तदाब कोसळे. नायट्रिक श्वासातून जातो, वायुकोशातून पलीकडच्या वाहिनीत उतरतो आणि रक्तात पोहोचताच निष्प्रभ होतो. जिथे हवा तिथेच तो वाहिनी उघडतो. रक्ताला हवेपाशी बोलावून आणणारे इतके नेमके औषध दुसरे नाही.

पण ‘जिथे हवा तिथेच’ या शब्दांत अडचणही आहे. बुजलेल्या, मिटलेल्या भागात हवाच नाही, तर वायू पोहोचणार कसा? म्हणून वरच्या दोन ओळी आधी आल्या. सरफॅक्टंटने वायुकोश मऊ केले, ऑसिलेटरने उघडे धरले, आणि आता नायट्रिकला दार मिळाले. १९९७ मध्ये किन्सेला आणि सहकाऱ्यांनी २०५ बाळांवर हे तपासले. आधी ऑसिलेटर किंवा आधी नायट्रिक, आणि एकाने भागले नाही तर दोन्ही. एकेकट्याला दाद न दिलेल्या बाळांतली बरीच दोन्ही मिळाल्यावर सावरली, आणि ती प्रामुख्याने अशी होती की ज्यांचे फुप्फुसच आजारी होते. फुप्फुस निरोगी आणि केवळ वाहिन्या आवळलेल्या, अशा बाळांत जोडीचा इतका फरक दिसला नाही. ही जोडी का चालते याचे उत्तर मला या एका भेदात मिळते. २०२१ मध्ये चिलीतल्या डॉक्टरांनी १०० बाळांच्या चाचणीत काहींना सरफॅक्टंट आणि नायट्रिक सुरुवातीलाच एकत्र दिले, तेव्हा नुसत्या नायट्रिकपेक्षा उपचार कमी वेळा फसला.

नायट्रिकबद्दल पालकांना सांगताना एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. १९९७ च्याच दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत मृत्यू किंवा एक्मो यांतले काहीतरी ओढवण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांवरून ४६ वर आले, पण ती घट एक्मोची होती, मृत्यूची नव्हे. आणि ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळांना तो सरसकट देऊ नये, असे २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी सांगितले.

एक्मोबद्दल पालकांशी बोलणे झाले.

निर्देशांक ४० च्या आसपास टिकून राहिला तर रक्त अंगाबाहेर नेऊन यंत्रात ऑक्सिजन देण्याचा विचार होतो. १९७५ मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी ते पहिल्यांदा एका नवजात मुलीवर यशस्वी केले. तिचाही आजार मिकोनियमचाच. नर्सेसनी तिला एस्पेरांझा म्हटले, स्पॅनिशमध्ये आशा. १९९६ च्या ब्रिटिश चाचणीत १८५ बाळे होती. एक्मो मिळालेल्या गटात ९३ पैकी ३०, दुसऱ्या गटात ९२ पैकी ५४ दगावली. हे बोलणे निकड येण्याआधी व्हावे, निर्देशांक २८ असतानाच, बसून, आईच्या भाषेत बोलणारे कोणी शेजारी घेऊन.

निर्देशांक २८, १९, १२. स्टेरॉइड मिसळण्याचा विचार, नको ठरले.

पहिले तीन आकडे उतरणीचे आहेत. मला थांबायचे आहे ते ‘नको ठरले’पाशी. सरफॅक्टंटमध्ये बुडेसोनाइड हे स्टेरॉइड मिसळून देण्याची कल्पना मोहक आहे. एकाच कुपीत दार उघडणारा आणि दाह शमवणारा. तैवानच्या येह यांच्या २०१६ च्या चाचणीत अपुऱ्या दिवसांची २६५ बाळे होती. मृत्यू किंवा जुनाट फुप्फुसविकार ६६ टक्क्यांवरून ४२ वर आल्याचे दिसले. आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, २८ आठवड्यांच्या आतल्या १,०५९ बाळांवर तेच पुन्हा तपासले आणि त्या विकाराशिवाय जगणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. आपले बाळ पूर्ण दिवसांचे, त्याला तर हा पुरावा थेट लागूही नाही. कोणाच्या तरी मनात आले, आणि कोणीतरी नको म्हणाले. सगळ्या नोंदीत मला सर्वांत जास्त आदर या दोन शब्दांबद्दल वाटतो.

ऑक्सिजन ५५ टक्के. नायट्रिक २०, १०, ५, ४, ३, २, १, बंद.

वीसवरून पाचपर्यंत दोन उड्या आणि मग एकेक पायरी, हे विनाकारण नाही. बाहेरून वायू मिळत असताना बाळाच्या वाहिन्यांचे अस्तर स्वतःचा वायू करणे कमी करते. एकदम बंद केला तर वाहिन्या पुन्हा आवळतात, कधीकधी आधीपेक्षा घट्ट. बापाला वाटते, पाचवर आले म्हणजे संपलेच. शेवटच्या त्या पाचांतच सिस्टर पेटीजवळून हलत नाही.

नळी काढली. रडले. आवाज बसलेला.

नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असते. काढल्यावर ते सुजलेले असतात, म्हणून रडणे घोगरे येते, कधी नुसते तोंड उघडते आणि आवाज फुटत नाही. दोन-चार दिवसांत तो मोकळा होतो.

पेटीवरच्या चिठ्ठीत अजून ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव एवढेच आहे. बारसे राहिले आहे. कुवेतचे घड्याळ भारताच्या अडीच तास मागे, म्हणजे इथे पहाटेचे चार वाजले असतील तेव्हा नाशिकला साडेसहा. आजी उठलेलीच असते. फोन उचलून ती विचारते, ‘अरे, रडलं का?’

‘हो आई. आत्ताच.’